डावीचं तांबं

माझ्या नणंदेला घरात सगळे ‘डावी’ म्हणतात. ती डावखुरी आहे, एवढंच कारण. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला ते खटकलं होतं. माणसाला अशी कशी हाक मारायची? पण तिनेच मला पहिल्या भेटीत सांगून टाकलं, “वहिनी, डावीच म्हण. खऱ्या नावाने हाक मारलीस तर मला वाटेल शाळेतल्या बाई रागावल्यात.”

तेव्हा ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. चित्रकला शिकून ती खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात लागली होती आणि साबणाच्या, बल्बच्या, बिस्किटांच्या खोक्यांवरची चित्रं काढायची. सुट्टीत घरी आली की एखादं खोकं पुढे करून म्हणायची, “हे फूल माझं.” तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, ते खोकं हातात घ्यायचे, उलटंपालटं करायचे आणि विचारायचे, “आत काय आहे?”

मग एका सकाळी ती दोन ट्रंका आणि कॅनव्हासच्या गुंडाळ्या घेऊन दारात उभी.

“नोकरी सोडली,” ती म्हणाली. “आता मी चित्रकार.”

“मग इतकी वर्षं कोण होतीस?” माझ्या नवऱ्याने विचारलं. तो तिचा थोरला भाऊ. लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट मध्येच अडकली की आधी कारण लागतं.

“इतकी वर्षं मी खोकं होते. वहिनी, चहा टाकतेस?”

मी चहा टाकला. दुसरं काय करणार? डावीच्या बोलण्यात एक गोष्ट असते. ती काही सांगते तेव्हा ते ठरून गेलेलं असतं. आपल्याला फक्त कळवलेलं असतं. सासऱ्यांना ऐकू येत नाही, म्हणून तिने त्यांच्यासमोर बसून, ओठ नीट हलवून पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी ते पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, “वरची खोली झाडून घे. कोळ्यांची जाळी आहेत.”

सासरे तांबट. हंडे, घागरी, पातेली, पाणी तापवायची मोठी भांडी, सगळी त्यांनी हाताने घडवलेली. घराच्या मागच्या अंगाला त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एक भट्टी आणि जमिनीत रोवलेले लोखंडी दांडे. भांडं त्या दांड्यावर उपडं घालायचं आणि वरून ठोकत फिरवायचं. आयुष्यभर ठोकून त्यांचे कान गेले. पुढे स्टील आलं, प्लॅस्टिक आलं आणि गिऱ्हाईकही गेलं. मी आले तेव्हा त्या खोलीत नवऱ्याचे जुने केबल, कप्प्या आणि लिफ्टचे मोडके दरवाजे भरलेले होते. सासूबाई तर डावी अगदी लहान असतानाच गेल्या होत्या. मी त्यांना पाहिलेलं नाही.

वरच्या खोलीत डावी चित्रं काढायला लागली. जुन्या खिडक्या, जिने, उन्हात वाळणारे कपडे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. आमच्या मालकांनी तिची दोन-तीन चित्रं भिंतीवर लावायला घेतली. एक विकलंही गेलं. मी ही बातमी घेऊन नाचतच घरी आले, तर हिचं तोंड एवढंसं.

“अगं, विकलं गेलं! आता काय झालं?”

“वहिनी, चित्र चांगलंच आहे. पण ते कुणीही काढलं असतं. मला असं काहीतरी करायचंय, जे मी केलं नाही तर जगात नसेल.”

“बरं,” मी म्हटलं. “आधी जेवून घे. उपाशीपोटी जग चालत नाही.”

तिने सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि कित्येक दिवस काहीच काढलं नाही. पण खचलेली दिसली म्हणावं, तर तेही नाही. शिकारी मांजर बसतं ना, तशी बसलेली होती.

आमच्या जिन्याखाली एक तांब्याचा हंडा आहे. त्यात आम्ही छत्र्या ठेवायचो. एका दुपारी मी दुकानातून आले तर छत्र्या पायऱ्यांवर पसरलेल्या, हंडा दारातल्या उन्हात आडवा आणि डावी त्याच्याशेजारी फरशीवर आडवी.

“पडलीस की काय?”

“वहिनी, इकडे ये. याच्यावर हात फिरव.”

मी फिरवला. पत्रा गुळगुळीत नव्हता. माशाच्या खवल्यासारखे हातोडीचे ठोके, एकाला एक लागून, ओळीने हंडाभर फिरत गेलेले. भांडं तयार झालं की शेवटी हलक्या हाताने असं ठोकत जायचं, त्याला मठारणं म्हणतात. त्याने पत्रा टणक होतो आणि दिसायलाही चमकदार. हे सगळं मला डावीनेच सांगितलं. मी इतकी वर्षं त्यात ओल्या छत्र्या खोचत होते.

तिने एक पातळ कागद हंड्यावर ताणून बसवला आणि काळा मेणखडू आडवा धरून वरून फिरवला. लहानपणी आपण कागदाखाली नाणं ठेवून करतो तसं. बघता बघता कागदावर ठोके उमटले. काळ्या पाण्यावर ऊन सांडावं तसे. मी कागदाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. तिचे डोळे असे झाले होते, की मी छत्र्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर तिने शहर पालथं घातलं. वडिलांच्या कारखान्यातली भांडी ज्यांच्या घरी असतील त्यांच्याकडे जायचं, ठसा घ्यायचा, यायचं. सुट्टीच्या दिवशी मीही जायचे. लोकांचा विश्वास बसत नसे. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने तर आम्हाला दारातच उभं केलं.

“जुन्या भांड्यांची मोड घेणाऱ्या आहात का?”

“नाही हो, बाई. मी चित्रकार आहे. तुमच्या भांड्याचं चित्र हवंय.”

“मग लांबून काढा.”

“लांबून येत नाही. मला त्याला हात लावावा लागेल.”

बाईंनी चष्म्यावरून दोघींना निरखलं. चष्मा आमच्याच दुकानातला निघाला, म्हणून तरलो. मग त्या स्वतः पातेलं घेऊन आल्या आणि डावी कागद फिरवत असताना ते दोन्ही हातांनी धरून बसल्या. भांड्याला आधार म्हणून नव्हे. आम्ही ते घेऊन पळू नये म्हणून. ठसा उमटला तेव्हा मात्र त्या पुढे वाकल्या. “अगं बाई,” म्हणाल्या, “रोज घासत होते. हे कधी दिसलंच नाही.” मग त्यांनी चहा केला आणि आम्हाला उठू देईनात.

वरच्या खोलीची भिंत ठशांनी भरून गेली. एका संध्याकाळी डावीने मला हाक मारून वर नेलं. तिने कागदांचे दोन गट केले होते.

“हे सगळे बाबांचे,” ती म्हणाली. “प्रत्येक ठोका उजवीकडे कललेला. ओळी भांड्याभोवती एकाच दिशेने फिरतात. दिसतंय?”

“दिसतंय.”

“आता हे बघ.”

दुसऱ्या गटात ठोके डावीकडे कललेले होते. लहान, दाट आणि इतके नेमके की वाटावं मशीनने मारलेत. मुख्याध्यापिकाबाईंचं पातेलं त्यातच होतं. डावीने काही बोलायच्या आधी हातोडी घेतली आणि एका पत्र्याच्या तुकड्यावर आठ-दहा ठोके मारले. डाव्या हाताने. तेही तसेच कलले. फक्त तिचे वेडेवाकडे होते.

“बुडाला आपल्या कारखान्याची खूण आहे,” ती म्हणाली. “कारखान्यात बाबांशिवाय कुणी नव्हतं. मग हा डावखुरा कोण?”

लहानपणापासून तिला सगळे विचारायचे, हा डावा हात कुणाचा उचललास? नातेवाइकांनी तो बांधून ठेवायचे सल्ले दिले होते. सासरे तेवढे म्हणायचे, “राहू दे. आहे तो बरा आहे.” मायेने म्हणतात, असंच सगळ्यांना वाटत आलं होतं.

ती दोन्ही ठसे घेऊन खाली गेली. सासरे व्हरांड्यात बसले होते. तिने पहिला कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

“हा तुमचा हात?”

त्यांनी मान हलवली.

दुसरा ठेवला. “आणि हा?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “हाही आपल्याच इथला.”

“ते मला माहीत आहे. हात कुणाचा, बाबा?”

“जुनं आहे. आता कुणाला आठवतंय?”

तिने आपला डावा हात त्यांच्यासमोर उघडा धरला. सासऱ्यांनी त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं.

“तुझ्या आईचा,” ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घडवायचे ते, मठारायच्या सासूबाई. आधी गंमत म्हणून त्यांनी एक घागर मठारली, ती दुकानात ठेवल्या ठेवल्या उचलली गेली. मग गिऱ्हाइकं तसलंच बारीक काम मागायला लागली. “पाटीवर नाव माझं,” सासरे म्हणाले. “लोक म्हणायचे, मास्तर, काय सफाई आहे तुमच्या हाताला! मी मान डोलवायचो. ती आत बसून हसायची. एकदा म्हणाली, डोलवा, डोलवा, मानेला तेवढाच व्यायाम.” त्यांनी मांडीवरच्या कागदाची कड सरळ केली. “ती गेल्यावर सांगायचं म्हटलं, पण कोणत्या तोंडाने? एकदा गप्प बसलं ना, की मग गप्प बसायचीच सवय लागते.”

मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर भांडेल. डावीने नाक ओढलं आणि विचारलं, “तिची हातोडी कुठाय?”

हातोडी सापडली नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीत. लिफ्टच्या पाचरी ठोकायला तो ती वापरत होता. तिची मूठ डाव्या पंजाच्या मापाने झिजली होती. “तरीच!” नवरा म्हणाला. “मी म्हणतच होतो, ही हातोडी हातात नीट बसत नाही.” मग जरा वेळाने, कुणी न सांगता, तो मागच्या खोलीतलं आपलं सामान बाहेर काढायला लागला.

वर जाताना डावी मला म्हणाली, “मला राग आलाय, वहिनी. नाही असं नाही. पण तो बाबांवर काढला तर चहा निवायच्या आत संपेल. पत्र्यावर काढला तर टिकेल.”

दुसऱ्या दिवसापासून सासरे शिकवायला बसले. ऐकू येत नाही, मग ठोका चुकला हे कळणार कसं? ते आपला तळवा लोखंडी दांड्याच्या बुंध्याला टेकवून बसत. “चुकला,” म्हणत. “हा बरा. हाही बरा. हा कुणाचा, शेजाऱ्याचा?” तांबं तापवून मऊ कसं करायचं, हातोडी मारायची नसते तर पडू द्यायची असते, मनगट कुठे सोडायचं, सगळं त्यांनी तळहाताने ऐकत शिकवलं. शेजारी गणिताच्या शिकवण्या घेणारे सर राहतात. ते एकदा कानावर हात ठेवूनच आले. डावीने त्यांच्या शिकवणीच्या वेळा विचारून घेतल्या आणि त्या सोडून ठोकायला लागली. पुढे सरच म्हणाले, शिकवणीतही ठोका, आवाज नसला की मुलं घड्याळ बघतात.

हात बसल्यावर मात्र बापलेकीचं वाजायला लागलं. सासऱ्यांना भांडं हवं होतं. डावीला सपाट, मोठा, भिंतीएवढा पत्रा हवा होता.

“यात पाणी कुठे राहणार?” सासरे म्हणायचे.

“पाणी ठेवायचंच नाहीये, बाबा. बघायचंय.”

“ओळ मोडलीस इथे.”

“मोडली नाही, मोडू दिली.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे तुम्ही तिकडच्या बाजूने मठारत या, मी इकडून येते. मध्ये भेटू. तिथे जे होईल ते होईल.”

सासऱ्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. “हात थरथरतो. रांग सरळ येणार नाही.”

“थरथरू दे. तांब्यावर तेही उमटेल.”

ते तयार नव्हते. मान वळवून बसले, जेवतानाही बोलले नाहीत. पण तांबटाला समोर कोरा पत्रा बघवत नाही. एका दुपारी मी आले तेव्हा दोन ठोके ऐकू येत होते, एक दमदार आणि एक अडखळत जाणारा. पत्र्याच्या दोन टोकांना दोघं बसली होती. उजव्या बाजूने सासऱ्यांचे ठोके निघाले होते, मध्येच हलणारे, पुन्हा सावरणारे. डाव्या बाजूने डावीचे, आईच्या ठशांवरून गिरवून गिरवून कमावलेले. मधोमध दोन्ही ओळी एकमेकींत घुसल्या होत्या. गर्दीत समोरासमोर आलेली माणसं वाट काढतात ना, तशा. तो पत्रा पूर्ण झाला तेव्हा मी तो पाहिला आणि मला त्याच्यासमोरून हलावंसं वाटेना. असं काही मी कुठेच पाहिलं नव्हतं.

चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या एक बाई चित्रांची गॅलरी चालवायच्या. मी त्यांना घरी बोलावलं. त्या आल्या, पत्र्यासमोर उभ्या राहिल्या, ठसे पाहिले आणि खूप वेळाने म्हणाल्या, “मला हे लावायचंय.” मग उत्साहात पुढे बोलायला लागल्या: खोली काळोखी ठेवू, एकच पिवळा दिवा, चौथऱ्यावर जुनी हत्यारं आणि प्रदर्शनाचं नाव ‘लोप पावलेली कला’.

“लोप कुठे पावली?” डावी म्हणाली. “तुम्ही आलात तेव्हा गल्लीत ठोकल्याचा आवाज आला ना?”

“आला की. त्यावरच तर घर सापडलं.”

“मग?”

बाई मोकळेपणी हसल्या. “बरं. काळोख रद्द. दिवा कुठून हवा?”

“बाजूने. भरपूर. आणि हत्यारं मिळणार नाहीत, मला लागतात.”

प्रदर्शनाला गर्दी बरी होती. समोरच्या भिंतीवर पत्रा, बाजूच्या दोन भिंतींवर ठसे, एकीकडे उजवे आणि एकीकडे डावे. पत्र्याखालची चिठ्ठी डावीने स्वतः लिहिली होती: ‘उजवी बाजू, वडील. डावी बाजू, मी. शिकवणारी, आई, तांबट.’ मुख्याध्यापिकाबाई आपलं पातेलं मांडीवर घेऊन टॅक्सीने आल्या आणि कुणी विचारलं नसतानाही सगळ्यांना आपल्या पातेल्याचा ठसा कुठला ते दाखवत फिरल्या.

एक जुने खानावळवाले आले होते. त्यांच्याकडची सगळी भांडी आमच्याकडची. त्यांनी सासऱ्यांचे दोन्ही हात धरले आणि कानाशी ओरडून म्हणाले, “मास्तर, तुमच्यासारखी सफाई पुन्हा झाली नाही हो!”

मी सासऱ्यांकडे बघत होते. त्यांची मान डोलायला निघाली होती, मला दिसलं. मग ती थांबली.

“तो हात माझा नव्हता,” ते म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. सगळी खोली वळून बघायला लागली. “घडवायचो मी. सफाई माझ्या बायकोची. तुमच्याकडची सगळी भांडी तिने मठारली. मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगतो.”

नवरा जमिनीकडे बघत होता; मग तो जाऊन वडिलांच्या शेजारी उभा राहिला. मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र पातेलं काखेत मारलं आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, “मग इतकी वर्षं का नाही बोललात?”

“काय?” सासरे म्हणाले.

त्यांनी पुन्हा मोठ्याने विचारलं.

“मला ऐकू येत नाही,” सासरे म्हणाले. खरंच ऐकू आलं नव्हतं की काय, ते मला आजवर कळलेलं नाही. डावी लांबून हे सगळं बघत होती. तिने फक्त ओठांनी काहीतरी म्हटलं. सासऱ्यांना ओठ वाचता येतात. त्यांचा चेहरा निवळला. काय म्हणालीस, असं मी तिला विचारलं नाही. सगळंच काही वहिनीला कळायला नको.

एका वर्तमानपत्राने लिहिलं की ही कारागिरी आहे, कला नव्हे. डावीने ते वाचलं आणि म्हणाली, “अर्धं बरोबर आहे. उरलेलं त्यांना पुढच्या वेळी कळेल.” आणि पुढची वेळ आलीही. शहराच्या मोठ्या वाचनालयाने जिन्यावरच्या भिंतीसाठी तिच्याकडून काम मागितलं. तिने आता कामाला दोन बायका ठेवल्यात. त्यातल्या एकीने पहिल्या आठवड्यातच डावीची ओळ चुकलेली दाखवून दिली, तर ही खूश. सासरे अजून तळवा टेकवून बसतात. अजूनही म्हणतात की पाणी राहत नाही ते काम अर्धवट.

वाचनालयाचा पत्रा गेल्या आठवड्यात तयार झाला. तेव्हा लक्षात आलं की तो मागच्या दारातून बाहेर निघत नाही. तीन तुकड्यांत केला असतास तर, असं नवरा म्हणायला गेला आणि बहिणीचा चेहरा बघून मध्येच थांबला. मग त्याने चौकटीसकट दार उखडलं, वर कप्पी बांधली आणि लिफ्टच्या केबलने तो पत्रा उभाच्या उभा उचलला. शिकवणीवाले सर मुलांना घेऊन मदतीला आले. डावी पुढे चालत सगळ्यांना हुकूम सोडत होती: जरा डावीकडे, अजून डावीकडे, वाकवाल तर याद राखा. गल्लीभर त्या तांब्यावरचं ऊन भिंतींवर नाचत गेलं. लोक खिडक्यांत आले. कुणीतरी वरून विचारलं, “काय आहे हो ते?”

“माझं काम,” डावी म्हणाली आणि ट्रकवाल्याला अजून मागे यायची खूण केली.